रायपूरच्या कारखान्यांत वीज मुबलक, तरीही डिझेल जनित्र का लागते?

रायपूर : कोळशावरील विजेसाठी देशभर ओळखले जाणारे कोरबा येथून सुमारे २०० किलोमीटरवर आहे. एनटीपीसीचा २,६०० मेगावॉटचा आणि राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा १,३४० मेगावॉटचा प्रकल्प तेथेच आहेत. असे असूनही रायपूर-बिलासपूर मार्गावरील उरला व सिलतरा औद्योगिक क्षेत्रांत भट्टी असलेल्या कारखान्याला डिझेल जनित्र ठेवल्यावाचून गत्यंतर नसते. वीज मुबलक असणे वेगळे आणि ती अखंड असणे वेगळे.

या परिसराचा मुख्य व्यवसाय लोखंड-पोलादाचा. इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळवण्यास साधारण ६०० युनिट वीज लागते. एक लिटर डिझेलपासून सुमारे साडेतीन युनिट मिळतात. डिझेलचा दर ९० रुपये धरला तरी केवळ इंधनापोटी युनिटला २५ रुपयांहून अधिक, म्हणजे टनामागे १५ हजार रुपयांच्या पुढे खर्च होतो. एवढ्या खर्चात पोलाद वितळवणे कोणालाही परवडणारे नाही.

मग जनित्र कशासाठी? भट्टीभोवतीच्या तांब्याच्या पोकळ वेटोळ्यातून सतत थंड पाणी खेळते. वीज गेली तरी आतला सुमारे १,६०० अंश सेल्सिअसचा रस तप्तच असतो. पंप थांबला तर वेटोळे जळण्याचा आणि पाणी रसात मिसळून स्फोट होण्याचा धोका असतो. पुरवठा दीर्घकाळ बंद राहिल्यास रस भट्टीतच गोठतो आणि आतील अस्तर निकामी होते. स्पंज आयर्नच्या लांबलचक फिरत्या भट्टीची अडचण निराळी. ती तप्त अवस्थेत एकाच जागी थांबली तर स्वतःच्या वजनाने वाकते. तिला संथ का होईना, फिरवत ठेवण्यासाठी वेगळी यंत्रणा आणि तिला स्वतंत्र शक्ती लागते. थोडक्यात, येथे जनित्र उत्पादनासाठी नसते. ते भट्टी आणि माणसे वाचवण्यासाठी असते.

गेल्या दोन दशकांत ग्रीड निःसंशय बळकट झाले. मार्च २००३ मध्ये रायपूर-राउरकेला ४०० केव्ही वाहिनीने पश्चिम आणि पूर्व विभागांची ग्रीड जोडली गेली. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीद्वारे दक्षिण विभाग त्यांना जोडला गेला. एका ठिकाणचा तुटवडा दूरच्या विजेने भरून काढणे त्यामुळे शक्य झाले. मात्र देशव्यापी ग्रीड कारखान्याजवळचा जळालेला रोहित्र किंवा वादळात तुटलेली तार दुरुस्त करू शकत नाही. बहुतेक खंड वितरणाच्या या शेवटच्या टप्प्यात पडतात. शिवाय क्षणभर दाब घसरला तरी स्वयंचलित यंत्रे बंद पडतात, आणि रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई मध्येच अडकते. असा क्षण पुरवठ्याच्या तासांच्या हिशेबात क्वचितच उमटतो.

भार सर्वांवर सारखा नाही. २००३ च्या वीज कायद्याने स्ववापरासाठीच्या निर्मितीला परवान्यातून मुक्त केल्यावर मोठ्या कारखान्यांना भट्टीच्या तप्त वायूंपासून वीज करण्याची वाट मोकळी झाली. दररोज १०० टन स्पंज आयर्न बनवणारी भट्टी साधारण दोन मेगावॉट देऊ शकते. सामायिक ११ केव्ही वाहिनीवरील लहान कारखानदाराकडे तो पर्याय नसतो.

महाराष्ट्रात याचे उलटे चित्र दिसले होते. २००६ मध्ये पुण्यातील उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून ग्रीडची वीज शहरासाठी सोडली आणि त्या महागड्या विजेचा जादा भार ग्राहकांनी उचलला.

आता केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत एप्रिल २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, आपत्कालीन डिझेल जनित्र वापरणाऱ्यांनी पाच वर्षांत बॅटरीसह अक्षय ऊर्जेसारख्या स्वच्छ पर्यायाकडे वळण्याचा प्रयत्न करावा, असे अपेक्षित आहे. ही सक्ती नाही. शहरातील पुरवठा किती विश्वसनीय आहे हे पाहून राज्य वीज नियामक आयोग वेगळी मुदत ठरवू शकतो. पंप आणि भट्टी फिरवणाऱ्या यंत्रणेचा भार तुलनेने लहान असल्याने तेथे बॅटरी तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण खंड किती तासांचा असेल हे माहीत नसताना बॅटरी केवढी घ्यायची, हे वितरण वाहिनीच्या भरवशावरच अवलंबून राहते.