खाऱ्या मातीतलं भात

समुद्राचं पाणी शेतात शिरलं की भातापुढे अजब उपासमार उभी राहते. मातीत पोटॅश, म्हणजे पोटॅशियम, असतं, पण मुळांच्या दारात सोडियमची एवढी गर्दी होते की पोटॅशला आत शिरणं अवघड. दोन्हींचे आयन, म्हणजे भारित कण, बरेचसे सारखे, त्यामुळे गफलत होते. त्यात खारट मातीतून पाणी ओढणंही जड जातं.

तग धरणारी जात काय करते? मुळांतून वर चढणाऱ्या रसातलं सोडियम वाटेतच काढून घेते. हे काम करणारं एक जनुक 2005 मध्ये बंगालच्या ‘नोना बोक्रा’ या भातात ओळखलं गेलं. तरीही वर पोचलेलं मीठ जुन्या पानांत साठतं. ती करपतात, कोवळी वाचतात. हिशेब निष्ठुर, पण चोख.

कोकणातल्या खारजमिनीत ‘काळा रता’, ‘भुरा रता’ या जाती शेतकऱ्यांनीच जपल्या. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल 1, 2, 3’ हे वाण दिले. मात्र रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात असे वाणही हळवेच असतात. म्हणून लावणीआधी पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाऊ द्यावं, आणि बांध फुटू देऊ नये.