नाव न विचारता दिलेला शिधा

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. अठराव्या शतकात माळव्यात स्थिरावलेल्या पवार घराण्याची ही संस्थाने. त्यांतील देवासच्या तर थोरली आणि धाकटी अशा दोन पाती होत्या. पुढे पंडित कुमार गंधर्वांच्या वास्तव्यामुळे देवास आपल्याला अधिकच जवळचे झाले. मात्र या दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्या काठी एक रीत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, आणि ती राजांची नव्हे, तर साध्या शेतकऱ्यांची, मजुरांची आणि त्यांच्या घरातील स्त्रियांची आहे. ही रीत म्हणजे नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या अनोळखी माणसाला अन्न आणि आसरा देणे.

अमरकंटक ते भडोचजवळचा समुद्र असा नर्मदेचा प्रवाह १३१२ किलोमीटर लांबीचा आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता दोन्ही काठ पायी चालणे म्हणजे परिक्रमा. पूर्ण विधीने ती करायची तर तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात, असा संकेत आहे. चातुर्मासात एका जागी मुक्काम करावा, संग्रह करू नये, मिळेल त्या भिक्षेवर राहावे, हे तिचे जुने नियम. समुद्राकडून उत्तर तटाने परतणारा परिक्रमावासी पूर्वेकडे चालत धार जिल्ह्यात येतो. पुढे महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर मागे टाकून तो देवास जिल्ह्यात शिरतो आणि नर्मदेचे नाभिस्थान मानल्या जाणाऱ्या नेमावरला पोहोचतो.

जवळ पैसा न बाळगता माणूस एवढा मार्ग कसा चालतो, याचे उत्तर काठावरच्या घरांत आहे. सायंकाळी ‘नर्मदे हर’ अशी हाक कानी पडते. घरातून पहिला प्रश्न येतो तो ‘मूर्ती किती?’ असा. मूर्ती म्हणजे माणसे. आलेला प्रत्येक जण देवाच्या ठिकाणी मानायचा, म्हणून हा शब्द. मग ओसरीवर आसन लावायला जागा दाखवली जाते. स्वतः रांधणाऱ्याला सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची असा कोरा शिधा मिळतो. नाहीतर घरात शिजले असेल त्यातलेच ताटात पडते. सकाळी निघताना बालभोग, म्हणजे चहा आणि असेल ती न्याहारी. बहुधा एवढ्यावर भेट संपते. नाव आणि जात कळलीच पाहिजे, असा आग्रह नसतो.

हे दान मोठे नाही. मूठभर पीठ आणि अंग टाकण्यापुरती जमीन, एवढेच त्याचे मोल. तरीही ते टिकले, याची कारणे रीतीतच सापडतात. घेणाऱ्याला उद्यासाठी साठवायचे नसते, त्यामुळे देणाऱ्यावर एका वेळेपुरताच भार येतो. देणारा आपण उपकार करतो असे मानत नाही. नर्मदामाईने पाहुणा धाडला, अशी त्याची श्रद्धा असते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. परिक्रमावासीला मागे फिरता येत नाही. ज्या दारात जेवला, त्या दारी परतफेडीसाठी येण्याची त्याला सोयच नाही. म्हणजे हे ऋण फेडायचे झाले तर ते पुढच्या कोणाला तरी काही देऊनच फेडावे लागते.

काहींनी ते तसे फेडलेही आहे. नाशिकच्या भारती ठाकूर परिक्रमा करून आल्या आणि त्यानंतर याच परिसरात परतल्या. धार आणि देवास यांच्या मधल्या खरगोन जिल्ह्यात, मंडलेश्वरजवळच्या लेपा येथे त्यांनी काठावरच्या मुलांसाठी ‘नर्मदालय’ उभे केले. मराठीत परिक्रमेची वर्णने बरीच लिहिली गेली. जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ त्यांपैकी विशेष वाचले गेलेले. ती वाचून कितीतरी मराठी माणसे या वाटेला लागली.

आज मात्र या रीतीचा आधारच हलला आहे. सरदार सरोवर धरण सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि धार जिल्ह्यातील चिखल्दा, निसरपूर यांसारख्या गावांत पाणी शिरले. देवास जिल्ह्यात धाराजीचा काठ ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयाखाली गेला. घरे उठली, तशी वाटही काठापासून दूर सरकली. अन्नदानाची ही रीत वाट आणि उंबरा यांच्या शेजारपणावर उभी होती. वाट एकीकडे आणि पुनर्वसनातले घर दुसरीकडे झाले, तर देण्याची इच्छा असूनही ‘नर्मदे हर’ ही हाक ऐकू कशी येणार? त्यातच आता वाहनाने, ठरलेले पैसे भरून थोड्या दिवसांत परिक्रमा उरकणारे अनेक आहेत. त्यात गैर काही नाही. पण त्या प्रवासाला वाटेवरच्या ओसरीची गरज उरत नाही.

विस्थापनाचा हिशेब मांडताना बुडालेली शेते, घरे आणि देवळे मोजली जातात. अनोळखी माणसाला ‘मूर्ती किती?’ असे विचारणारा उंबरा कोणत्याही भरपाईच्या यादीत बसत नाही. गोव्यातून आषाढीला पंढरपूरकडे चालत जाणाऱ्या दिंड्यांतील वारकऱ्यांना त्याची किंमत सांगावी लागणार नाही. भर पावसात कोणीतरी दार उघडून पुढे केलेला चहा त्यांनीही घेतला आहे. तो देणाऱ्याचे नाव पुष्कळदा आठवत नाही. पण पुढे कधी आपल्या दारी कोणी भिजून उभा राहिला, तर त्याला आत बोलावणे आपल्या हाती असते.