शिक्षकाची संशोधनवही (भाग ७) : दहाव्या रकान्यातली मुलगी

गेल्या भागात प्रश्नावली कशी तयार करायची ते पाहिलं. पण दुसरीतलं मूल प्रश्नावली भरू शकत नाही. त्याला तोंडी विचारावं, तर बाईंना जे आवडेल तेच ते सांगतं. ‘गणित आवडतं का?’ असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणणार. अशा ठिकाणी संशोधकाच्या हाती उरतं ते पाहणं आणि पाहिलेलं लिहून ठेवणं. कृती संशोधनाच्या अहवालात ‘माहिती संकलनाची साधने : निरीक्षण’ ही ओळ सर्रास असते. प्रत्यक्ष निरीक्षणाची पानं मात्र त्या अहवालात क्वचितच जोडलेली असतात.

एक प्रसंग घेऊ. सोलापूरच्या पूर्व भागातली मराठी माध्यमाची शाळा. या भागात तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली विणकर कुटुंबं राहतात. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू-मराठीची सरमिसळ आणि शाळेत पुस्तकी मराठी. दुसरीच्या वर्गात गणिताचा तास चालू आहे आणि मागे बसलेला निरीक्षक लिहितो :

‘११.१२ : बाई – पाच आणि तीन किती? तिसऱ्या ओळीतली मुलगी मांडीवर बोटं मोजते. शेजारणीच्या कानाशी “एनिमिदि” म्हणते. शेजारीण हात वर करून “आठ” म्हणते. बाई शेजारणीला शाबासकी देतात. पहिली मुलगी पाटीकडे बघते.’

याच मुलीबद्दल वर्षअखेरीच्या नोंदवहीत काय लिहिलं जाईल? बहुधा ‘अबोल आहे. वर्गात लक्ष नसते. गणितात सरावाची गरज.’ तेलुगूत एनिमिदि म्हणजे आठ. मुलीचं उत्तर बरोबर होतं, लक्षही होतं आणि ती बोललीही होती. वहीतली तीनही वाक्यं चुकीची ठरतात. ती लिहिणाऱ्या बाई वाईट शिक्षिका आहेत असं मुळीच नाही. चाळीस मुलांसमोर फळ्याशी उभं राहिल्यावर तिसऱ्या ओळीतली कुजबुज ऐकू येत नाही, एवढंच.

वरची नोंद आहे आणि खालचा शेरा. निरीक्षण पद्धतीचा सगळा कस या दोहोंना वेगळं ठेवण्यात आहे. नोंदीत दिसलेलं आणि ऐकलेलं येतं, वेळेसकट. शेऱ्यात आपलं मत येतं. मत द्यायला हरकत नाही, पण ते दुसऱ्या रकान्यात आणि नंतर. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘काय घडलं’, उजवीकडे ‘मला काय वाटलं’. ‘आळशी’, ‘हुशार’, ‘खोडकर’, ‘रस घेतो’ यांतला एकही शब्द डावीकडे दिसला तर तो खोडून त्या जागी मुलाने नेमकं काय केलं ते लिहा.

महाराष्ट्रात शिक्षकाला निरीक्षक मानण्याची तरतूद कागदावर तरी आहेच. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झालं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधन-तंत्रांत पहिलं नाव ‘दैनंदिन निरीक्षण’ असं आहे. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय हे सगळं त्यानंतर येतं. ज्यांनी हा क्रम लावला त्यांना मुलांची जाण होती असं मला मनापासून वाटतं. पुढे मात्र ‘वर्णनात्मक नोंदी’ तयार मिळू लागल्या. विषयवार, इयत्तावार वाक्यांच्या याद्या मोबाइलवर फिरतात आणि त्यातली वाक्यं वहीत उतरवली जातात. मूल न पाहताही लिहिता येईल अशी ती वाक्यं असतात. ही गोष्ट मला फार खुपते, कारण आपल्या शिक्षकांच्या हाती आलेलं संशोधनाचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ताकदवान साधन अशा रीतीने रिकामं झालं. दोष एकट्या शिक्षकावर टाकता येणार नाही. दोन शिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता सांभाळत, ऑनलाइन माहिती भरत, प्रत्येक मुलाची रोज नोंद करणं अशक्य आहे. म्हणूनच सगळ्यांचं सगळं पाहण्याचा हट्ट सोडून थोडं पण खरं पाहायला शिकावं लागतं.

आता साधनांकडे येऊ. बीएड-एमएडला ‘फ्लँडर्स’ हे नाव सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. अमेरिकेतल्या नेड फ्लँडर्स यांनी वर्गातल्या आंतरक्रिया मोजण्यासाठी दहा रकाने ठरवले. पहिले सात शिक्षकाच्या बोलण्याचे : भावना स्वीकारणं, प्रशंसा, मुलांच्या कल्पना वापरणं, प्रश्न, व्याख्यान, सूचना, टीका. आठवा आणि नववा विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे : विचारल्यावर बोलणं आणि आपणहून बोलणं. दहावा, शांतता किंवा गोंधळ. निरीक्षक दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहितो, म्हणजे मिनिटाला वीस आणि वीस मिनिटांत चारशे आकडे. त्यांनी पाहिलेल्या वर्गांवरून त्यांनी दोनतृतीयांशचा नियम मांडला : वर्गातल्या वेळेपैकी दोनतृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं आणि त्यातला दोनतृतीयांश वेळ ते शिक्षकच असतात. स्वतःच्या तासाचं मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून हे आकडे मांडून पाहा. आपण किती बोलतो ते कळण्यासाठी यासारखं दुसरं साधन मला माहीत नाही.

पण आपल्या मुलीचा प्रसंग या पद्धतीने नोंदवला तर काय होईल? बाईंचा प्रश्न : ४. मग तीन सेकंद : १०. शेजारणीचं उत्तर : ८. शाबासकी : २. चार-दहा-आठ-दोन. एक नीटस, यशस्वी देवाणघेवाण. ज्या मुलीने गणित सोडवलं ती ‘१०’ या आकड्यात बुडून गेली. मोजणाऱ्याची इथे काहीच चूक नाही, साधनच तसं बनलेलं आहे. सगळा वर्ग एका भाषेत, एका वेळी, एका शिक्षकाकडे तोंड करून शिकतो असं ते गृहीत धरतं. आमच्या जिल्ह्यातले किती वर्ग तसे आहेत? अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत घरची भाषा कन्नड, शहरात तेलुगू, कन्नड, उर्दू, आणि बहुवर्ग शाळेत चौथीला शिकवताना तिसरी आपापसात काहीतरी करत असते. अशा ठिकाणी दहाव्या रकान्यातच कितीतरी शिक्षण चाललेलं असतं. म्हणून माझा आग्रह असा की आधी काही दिवस साध्या शब्दांत नोंदी कराव्यात आणि त्यांतून जे हाती लागेल त्यावरून आपली पडताळासूची बनवावी. पुस्तकातली तयार सूची घेऊन वर्गात गेलात तर सूचीत आहे तेवढंच दिसेल.

मोजणं निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. हेलन डॉव यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी बालवाडीतल्या मुलांची दोनशे भांडणं टिपली. भांडण कधी सुरू झालं, कशावरून, कुणी मिटवलं, किती वेळ चाललं, असं सगळं. सरासरी भांडण अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी वेळ टिकलं आणि बहुतेक भांडणं मुलांनीच मिटवली. दिवसभर मुलांची भांडणं सोडवून थकलेल्या कुठल्याही बाईंना ऐकून हे खरं वाटणार नाही. एकच एक घटना धरून ती दर वेळी टिपण्याची ही पद्धत एकट्या शिक्षकाला सहज जमण्यासारखी आहे.

पाहणारा आला की वर्ग बदलतो, ही दुसरी अडचण. साहेब येणार म्हटल्यावर शाळेचं काय होतं ते आपण जाणतोच. त्यावर उपाय एकच, पुन्हा पुन्हा जाऊन इतकं परिचयाचं व्हायचं की आपलं येणं ही बातमी राहणार नाही. वेरोनिक बेनेई या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कोल्हापूरच्या प्राथमिक शाळांत दीर्घकाळ बसून हेच केलं. २००८ साली आलेल्या त्यांच्या ‘स्कूलिंग पॅशन्स’ या ग्रंथात आपल्याला रोजचा म्हणून न दिसणारा परिपाठ आहे : रांगा, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, समूहगीतं. देशाबद्दलची भावना पाठ्यपुस्तकाइतकीच या रोजच्या गाण्यातून आणि उभं राहण्यातून मुलांच्या अंगात भिनते, हे त्यांना बसून, ऐकून दिसलं. प्रश्नावलीला हे सापडलं नसतं.

आपल्याकडे पाहण्यातून कृतीपर्यंत गेलेलं उदाहरण म्हणजे कोसबाडची कुरणशाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसलं की आदिवासी मुलं दिवसा गुरं राखायला जातात. ‘मुलं गैरहजर’ असा शेरा मारून त्या थांबल्या नाहीत, शाळाच कुरणावर नेली.

एकट्याच्या डोळ्यांवर किती विसंबायचं? स्वच्छ गणवेशातलं, चुणचुणीत मूल आपल्याला सगळ्याच बाबतींत हुशार वाटू लागतं. म्हणून एकच तास दोघांनी पाहावा. समजा, वीस प्रसंगांपैकी सोळांत दोघांची नोंद जुळली, तर मेळ ८० टक्के. उरलेल्या चार प्रसंगांवर बसून बोलावं, सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं. आपल्या भागात तर दुसरा निरीक्षक मुलांची घरची भाषा जाणणारा हवाच. तो प्राध्यापक असण्याची गरज नाही. शेजारच्या वर्गाच्या बाई, शाळेतल्या मावशी, कुणीही चालेल. ‘एनिमिदि’ कळणाऱ्या मावशी निरीक्षकाच्या शेजारी नसत्या, तर ‘११.१२’च्या पुढे ‘दोघी कुजबुजतात’ एवढंच लिहिलं गेलं असतं.

या आठवड्यात एवढं करा. एक मूल निवडा, शक्यतो ज्याच्याबद्दल तुम्हाला सांगण्यासारखं फारसं काही सुचत नाही असं. रोज दहा मिनिटं, वेगवेगळ्या तासांना, एकदा मधल्या सुट्टीतही. वहीत खरं नाव लिहू नका, खूण वापरा, आणि वही टेबलावर उघडी टाकू नका. मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधी सांगा. दिवसाअखेर उजवा रकाना भरा.

पुढच्या भागात मुलाखत घेऊ : घरी विड्या वळत बसलेल्या आईशी, तिचं काम न थांबवता, तिच्या मुलाविषयी कसं बोलायचं.