छाप बंदिशकाराची, गळा दुसऱ्याचा

गेवराईत भजनाला बसलेल्यांना अभंग कुणाचा हे विचारावं लागत नाही. शेवटच्या चरणात नामदेवांची किंवा तुकोबांची नाममुद्रा येतेच. चाल कुणाची, हे मात्र फारसं कुणाला सांगता येत नाही. शास्त्रीय संगीतात नवं रचू पाहणाऱ्या तरुणाची अडचण इथंच सुरू होते. पाश्चात्त्य परंपरेत रचनाकार कागदावर लिहितो, वादक वाजवतात आणि कार्यक्रमपत्रिकेत रचनेशेजारी त्याचं नाव छापलं जातं. आपल्याकडे निव्वळ बंदिशी रचून पोट भरेल असा पेशाच नाही. आधी गवई व्हायचं, मैफली मिळवायच्या, शिकवण्या करायच्या आणि उरल्या वेळात रचायचं. म्हणून बंदिशकाराचं यश त्याच्या मैफली मोजून कळत नाही. त्याची चीज किती परक्या गळ्यांत गेली, आणि जाताना नाव बरोबर गेलं का, हे बघावं लागतं.

गेवराईवरून जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गावरच धाराशिव लागतं. निजामी राजवटीतल्या या गावात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९२४ साली चिंतामण रघुनाथ व्यास जन्मले. गोविंदराव भातांब्रेकरांकडे किराणा, राजारामबुवा पराडकरांकडे ग्वाल्हेर आणि जगन्नाथबुवा पुरोहितांकडे आग्रा अशी त्यांची तालीम झाली. जगन्नाथबुवांची छाप, म्हणजे बंदिशीतली नाममुद्रा, ‘गुणीदास’, व्यासांची ‘गुणीजन’. बुवांनी घडवलेला जोगकंस राग आज सगळ्या घराण्यांचे कलावंत सादर करतात. व्यासांनी दोनशेहून अधिक बंदिशी रचल्या, पुस्तकरूपानेही मागे ठेवल्या. त्याच साली जन्मलेले कुमार गंधर्व तर बालवयातच गाजलेले. तरी त्यांच्या स्वरलिपीबद्ध रचनांचा ‘अनूपरागविलास’ १९६५ मध्ये, चाळिशी उलटल्यावर आला. तेव्हा पंचविशीतल्या पोराकडे ‘तुझं काय गाजलं?’ म्हणून तगादा लावणं घाईचं आहे.

ख्याल उपजेवर चालतो, बंदिश ही नुसती खुंटी, मग नव्या बंदिशी हव्यात कशाला, असं काही जाणकार विचारतात. पण तीनतालातली द्रुत चीज नवव्या मात्रेवरून उचलली की मुखड्याला समेपर्यंत आठ मात्रा मिळतात. बाराव्या मात्रेवरून उचलली तर पाचच. तान कुठं संपवायची, मुखडा कसा पकडायचा, सगळंच बदलतं. म्हणजे गवयाच्या उपजेची वाट बऱ्याच अंशी बंदिशकारानेच आखलेली असते. दुसरा आक्षेप असा की परंपरेत नावाचा हट्ट शोभत नाही. मग अठराव्या शतकात नियामत खाँनी ‘सदारंग’ ही छाप चिजांत का गुंफली? नावाची असोशी जुन्यांनाही होती, आणि ती रास्तच होती.

कायद्याचीही गंमत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती लिहिलेली किंवा छापलेली असणं व्याख्येतच होतं; मौखिक परंपरेतल्या बंदिशकाराला त्याचा काय उपयोग? १९९४ च्या दुरुस्तीने ती अट गेली. तरी वाद उद्भवला तर पुरावा लागतोच, म्हणून नव्या रचनाकाराने स्वरलिपी तारखेसह लिहून ठेवावी आणि फोनवर ध्वनिमुद्रणही करावं. बाकीचं काम गाणाऱ्यांचं. छाप बहुधा अंतऱ्यात असते, आणि द्रुत चिजेचा अंतरा अर्धामुर्धा गाऊन तानांकडे धावलं की ती श्रोत्यांपर्यंत पोचतच नाही. निवेदक राग सांगतो, ताल सांगतो, तबलजीचं नाव सांगतो. त्याच दमात बंदिश कुणाची हेही सांगायला चार शब्द पुरतात.