निबंधात्मक उत्तरांचे गुणदान, मानसशास्त्र विषयातील

परीक्षार्थ्याने स्वतःच्या शब्दांत सलग लिहिलेल्या उत्तराची प्रत ठरवून ती अंकांत व्यक्त करण्याच्या क्रियेस निबंधात्मक उत्तराचे गुणदान असे म्हणतात. वस्तुनिष्ठ प्रश्नाचे उत्तर बरोबर किंवा चूक असते व ते कोणीही तपासले तरी गुण बदलत नाहीत. निबंधात्मक प्रश्नास मात्र निरनिराळ्या मांडणीची अनेक योग्य उत्तरे संभवतात. त्यामुळे अशा उत्तरास मिळालेल्या गुणांत काही वाटा उत्तराचा व काही वाटा परीक्षकाचा असतो. परीक्षकाचा वाटा शक्य तितका कमी करणे आणि तसे करताना विद्यार्थ्याच्या स्वतंत्र विचारास मुभा ठेवणे, हे गुणदानाचे दुहेरी उद्दिष्ट होय. महाराष्ट्रात मानसशास्त्र हा उच्च माध्यमिक स्तरावरील ऐच्छिक विषय असून त्याच्या बारावीच्या लेखी परीक्षेत वस्तुनिष्ठ व लघुत्तरी प्रश्नांबरोबर दीर्घोत्तरी प्रश्नही असतात.

परीक्षकांच्या मतभिन्नतेचा संख्याशास्त्रीय विचार प्रथम इंग्लंडमध्ये एफ. वाय. एजवर्थ यांनी १८८८ मध्ये मांडला. अमेरिकेत डॅनिएल स्टार्च व एडवर्ड एलियट यांनी १९१२-१३ मध्ये एकेका उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेस काहींनी शंभरापैकी तीसपेक्षा कमी, तर काहींनी नव्वदच्या आसपास गुण दिल्याचे दिसले. म्हणजे गणितासारख्या विषयातही मतभेद टळत नाहीत. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलिप हारटॉग व ई. सी. ऱ्होड्स यांच्या पाहणीचा निष्कर्ष अधिक लक्षणीय आहे. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांनी वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने दोनदा तपासल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय दुसऱ्या वेळी बदलले. यावरून परीक्षकापरीक्षकांत जसा फरक असतो, तसा एकाच परीक्षकाच्या दोन वेळच्या गुणदानातही असतो, हे स्पष्ट झाले. भारतात विद्यापीठ शिक्षण आयोग (१९४८-४९) व माध्यमिक शिक्षण आयोग (१९५२-५३) यांनी निबंधात्मक परीक्षेतील या दोषांवर बोट ठेवले. पुढे बेंजामिन ब्लूम यांच्या मार्गदर्शनाने परीक्षा-सुधारणेच्या कार्यास चालना मिळाली व १९५८ मध्ये मध्यवर्ती परीक्षा विभाग स्थापन झाला.

दोषांची कारणे : गुणदानातील दोष बहुधा हेतुपुरस्सर नसतात; ते मानवी निर्णयप्रक्रियेतच असतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये वर्णिलेला वलय-परिणाम त्यांपैकी प्रमुख होय. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालील व्यक्तीचा एक गुण चांगला दिसला, की तिचे इतर गुणही चांगले ठरवतात, असे त्यांना आढळले. उत्तरपत्रिकेत सुवाच्य अक्षर, शुद्ध भाषा किंवा पहिल्याच प्रश्नाचे उत्तम उत्तर यांचे वलय पुढील उत्तरांवर पडते. विरोध-परिणामामुळे मध्यम उत्तर निकृष्ट उत्तरानंतर वाचल्यास चांगले व उत्कृष्ट उत्तरानंतर वाचल्यास सामान्य भासते. थकवा, स्वभावतः सढळ किंवा कडक हात आणि टोकाचे गुण टाळून मध्यावर राहण्याची प्रवृत्ती, ही आणखी काही कारणे होत. या परिणामांचे अध्यापन करणारा मानसशास्त्राचा परीक्षकही त्यांच्यापासून आपोआप मुक्त होत नाही; म्हणून केवळ जाणीव पुरेशी नसून पद्धतीची जोड आवश्यक ठरते.

मानसशास्त्राच्या उत्तरांत दोन विशेष अडचणी येतात. पहिली अशी, की स्मृती, प्रेरणा, ताण, व्यक्तिमत्त्व या संज्ञा नित्याच्या बोलण्यातीलही आहेत. त्यामुळे विषय न अभ्यासताही सुजाण विद्यार्थी व्यवहारज्ञानाच्या बळावर पानभर लिहू शकतो. दुसरी अडचण परिभाषेची. इंद्रियानुभवाला अर्थ लावण्याच्या प्रक्रियेस काही पुस्तकांत ‘संवेदन’, तर काहींत ‘अवबोधन’ म्हटलेले आढळते. रूढ पर्यायी संज्ञा वापरल्याबद्दल गुण कापणे अन्याय्य आहे. परंतु संज्ञा बदलताना संकल्पनाच बदलली असेल, तर ती चूक मानावी लागते.

गुणदानाच्या पद्धती : समग्र पद्धतीत परीक्षक संपूर्ण उत्तर वाचून एकवट गुण देतो, ही पद्धत शीघ्र, पण मतभेदास अधिक वाव देणारी आहे. विश्लेषक पद्धतीत अपेक्षित मुद्दे आधी ठरवून प्रत्येकास गुण वाटून दिलेले असतात. ‘सुप्त अध्ययन ही संकल्पना प्रयोग व उदाहरण देऊन स्पष्ट करा’ असा आठ गुणांचा प्रश्न नमुन्यादाखल घेतल्यास व्याख्येस दोन, प्रयोगास तीन, उदाहरणास दोन व सुसंगत मांडणीस एक गुण देता येईल. प्रयोग म्हणून एडवर्ड टोलमन व सी. एच. हाँझिक यांचा १९३० चा प्रयोग अपेक्षित असतो. त्यात उंदरांच्या एका गटास व्यूहाच्या शेवटी प्रथमपासून अन्न मिळे, दुसऱ्यास कधीच मिळत नसे व तिसऱ्यास अकराव्या दिवसापासून मिळू लागले. अन्न मिळू लागताच तिसऱ्या गटाच्या चुका एकाएकी घटल्या. प्रबलनावाचूनही अध्ययन घडत होते. केवळ ते वर्तनात उतरले नव्हते, असा त्याचा अर्थ होतो.

व्याख्या व प्रयोग यांविषयी परीक्षकांत फारसे दुमत होत नाही; खरी कसोटी उदाहरणाच्या गुणदानात लागते. समजा, मालवण तालुक्यातील धामापूर येथील एखाद्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील उदाहरणाऐवजी गावातील उदाहरण दिले. आजीचे बोट धरून लहान मूल तलावाच्या काठाने भगवतीच्या देवळात नेहमी जाते. वाट कोणी शिकवत नाही, लक्षात ठेवल्याबद्दल काही देतही नाही. पुढे एके दिवशी निरोप पोहोचवण्यासाठी त्यास एकट्याने जावे लागते, तेव्हा ते व्हाळ ओलांडून न चुकता देवळाशी पोहोचते. हे उत्तर वाचून एक परीक्षक उदाहरण नमुना-उत्तरात नाही म्हणून दोन्ही गुण कापील. ‘व्हाळ’ हा ओहोळासाठीचा मालवणी शब्द घाटावरील परीक्षकास अपरिचित असल्यास ही शक्यता वाढते. दुसरा परीक्षक वर्णनाच्या जिवंतपणावर प्रसन्न होऊन, उदाहरण न तपासताच पूर्ण गुण देईल. दोघांचीही रीत सदोष आहे. येथे विचारावयाचे प्रश्न दोनच : शिकताना प्रबलन अनुपस्थित होते काय, आणि गरज निर्माण होताच अध्ययन प्रकट झाले काय? वरील उदाहरण या दोन्ही कसोट्यांस उतरत असल्याने ते पूर्ण गुणांस पात्र आहे. मात्र, वाट बरोबर सांगितल्याबद्दल आजी दर वेळी खाऊ देत असे, एवढे एक वाक्य त्यात असते, तर ते प्रबलनाद्वारे घडलेल्या अध्ययनाचे उदाहरण झाले असते व सुप्त अध्ययनासाठी त्यास गुण देता आले नसते. तात्पर्य, नमुना-उत्तरात उदाहरणाबरोबर त्याचे निकषही नोंदवलेले असावेत. तसे नसल्यास पाठांतर करणारा विद्यार्थी सुरक्षित राहतो आणि संकल्पना समजून ती आपल्या परिसरात ओळखणारा विद्यार्थी तोट्यात जातो.

दोष कमी करण्याचे इतर उपायही परिणामकारक आहेत. सर्व उत्तरपत्रिकांतील एकच प्रश्न प्रथम तपासून मग पुढील प्रश्नाकडे वळल्यास वलय-परिणाम घटतो. प्रत्येक फेरीत उत्तरपत्रिकांचा क्रम बदलल्यास विरोध-परिणाम एकाच विद्यार्थ्यास वारंवार बाधत नाही. प्रारंभी काही उत्तरपत्रिका केवळ वाचून उत्तरांची पातळी अजमावणे व अखेरीस सुरुवातीच्या काही पुन्हा पाहणे, हेही उपयुक्त असते.

मंडळाची व्यवस्था : महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६५ च्या अधिनियमान्वये १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. सिंधुदुर्ग जिल्हा पूर्वी त्याच्या कोल्हापूर विभागाच्या कक्षेत होता. आता तो रत्नागिरीसह कोकण विभागात मोडतो. परीक्षक, नियामक व मुख्य नियामक अशी गुणदानाची उतरंड असून परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही नियामक पुन्हा पाहतो. परीक्षार्थ्याची ओळख परीक्षकापासून लपवलेली असते. फेरतपासणीचा हक्क मात्र दीर्घकाळ वादग्रस्त होता. १९८४ मध्ये या मंडळाविरुद्ध परितोष भूपेशकुमार शेठ यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुनर्मूल्यांकन नाकारणारा मंडळाचा नियम वैध ठरवला; परीक्षेच्या निकालास केव्हातरी अंतिमता आवश्यक असते, ही त्यामागील एक भूमिका होती. २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाखाली परीक्षार्थ्यास आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. महाराष्ट्र मंडळानेही गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांची सोय उपलब्ध केली आहे.

निबंधात्मक प्रश्न पूर्णपणे वगळल्यास गुणदान निर्दोष होईल, परंतु विचारांची जुळणी, संकल्पनेचे उपयोजन व स्वतःच्या भाषेतील मांडणी यांची परीक्षाच होणार नाही. अशा प्रश्नांच्या गुणांत थोडी अनिश्चितता राहतेच. उत्तीर्णतेच्या किंवा प्रवेशाच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत एक-दोन गुणांचा हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून निकषांची स्पष्टता, नियामकाची तपासणी व पुनर्मूल्यांकनाची वाट ही परीक्षापद्धतीची आवश्यक अंगे मानली पाहिजेत.