साबणाच्या तुकड्यांची नवी वडी

साबणाची वडी झिजत झिजत पापुद्र्याएवढी झाली की तिचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात निर्माण होतो. आपल्या गृहिणींनी त्याची उत्तरे फार पूर्वीच शोधून ठेवली आहेत. कोणी तो पापुद्रा ओला करून नव्या वडीच्या पाठीवर चिकटवते, कोणी उरलेले तुकडे जुन्या मोज्यात बांधून मोरीच्या नळाला टांगते, तर कोणी ते कोमट पाण्यात विरघळवून पायपुसणी धुते. विकतच्या साबणापुरती ही काटकसर पुरेशी आहे. मात्र जे स्वतः तेल आणि क्षार एकत्र करून साबण तयार करतात, त्यांच्यापुढे हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणात उभा राहतो. साच्यातून काढलेली लादी कापताना निघणाऱ्या कडा, वड्यांना आकार देताना पडणारा चुरा, वाकड्या कापल्या गेलेल्या वड्या आणि कधी कधी संपूर्ण बिघडलेला घाणा, हे सारे फेकून द्यावयाचे की त्यातून पुन्हा वडी घडवावयाची? साबण करणाऱ्यांच्या व्यवहारात या पुनर्घडणीला ‘रिबॅचिंग’ असे म्हणतात.

रायपूर येथे नेमणूक झाल्यानंतर या विषयाशी माझा संबंध आला तो कर्जप्रकरणांच्या निमित्ताने. छत्तीसगड हा तेलबियांच्या झाडांचा प्रदेश आहे. मोह, साल, करंज, कुसुम ही येथील जंगलातील आणि बांधावरील नित्याची झाडे. मोहाच्या फळाला आपल्या विदर्भात टोळ म्हणतात. येथे त्याच्या बीला ‘टोरा’ म्हणतात. चैत्रात फुले वेचून झाली की आषाढाच्या सुमारास बिया जमा होऊ लागतात. बीच्या गरात जवळजवळ निम्मे तेल असते. हे पिवळसर तेल थंडीत तुपासारखे थिजते आणि साबणास उत्तम चालते. खादी व ग्रामोद्योग आयोगानेही अखाद्य तेले आणि साबण या उद्योगाला आपल्या कार्यक्रमात आरंभापासून स्थान दिले. कारण उघड आहे. जे तेल ताटात फारसे वापरले जात नाही, त्याचा साबण झाला तर खाद्यतेल वाचते आणि बिया वेचणाऱ्याच्या हाती दोन पैसे पडतात.

राज्यात ‘बिहान’ या नावाने चालणाऱ्या ग्रामीण आजीविका मिशनमुळे महिलांचे बचत गट मोठ्या संख्येने उभे राहिले आहेत. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेऊन बचत गट बँकांशी जोडण्यास सुरुवात केली, तेव्हा गटांचे कर्ज बहुधा शेती, शेळ्या आणि किराणा दुकान यांसाठी असे. आता त्यात मसाले, लोणची, अगरबत्ती यांच्या जोडीने साबणही येतो. आमच्याकडे आलेल्या अशाच एका गटाची हकिगत येथे सांगणे उपयुक्त ठरेल. गटाचे व गावाचे नाव देण्याचे कारण नाही. रायपूरहून महानदीकडे जाताना लागणारे ते एक लहान गाव आहे, एवढे पुरे.

साठ्याच्या नियमित पाहणीसाठी मी तेथे गेले, तेव्हा ओसरीवर बायका गंभीर चेहऱ्याने बसल्या होत्या. मधोमध प्लास्टिकच्या कापडावर पांढरट, भुसभुशीत ढेकळे पसरली होती आणि त्यांतून पाणी सुटत होते. “दूध असन फाट गे, मॅडम,” एक वयस्क बाई म्हणाल्या. नासलेल्या दुधाची उपमा अगदी योग्य होती. दहा किलो तेलाचा तो घाणा होता. रकमेच्या दृष्टीने आपल्याला तो किरकोळ वाटेल. परंतु गटाचे पुढील महिन्याच्या हप्त्याचे पैसे त्यातच गुंतलेले होते. शिवाय हा त्यांचा केवळ तिसरा घाणा होता. तो खड्ड्यात गेला असता तर गटातील निम्म्या बायका पुन्हा मजुरीला गेल्या असत्या, असे त्यांच्या अध्यक्षांनी मला नंतर स्पष्टच सांगितले.

तो वाचला याचे श्रेय गटाच्या नोंदवहीला आहे. सातवीपर्यंत शिकलेल्या एका मुलीने प्रत्येक घाण्याचे वजन तारखेवार लिहून ठेवले होते. ठरलेले प्रमाण असे होते: मोहाचे तेल सहा किलो, खोबरेल चार किलो. एक किलो खोबरेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर मोहाच्या तेलास सुमारे १३५ ग्रॅम. तेलाच्या प्रतीनुसार हे आकडे थोडे बदलतात. म्हणजे खोबरेलासाठी ७३२ आणि मोहासाठी ८१० मिळून १५४२ ग्रॅम. त्वचेला कोरडेपणा येऊ नये म्हणून जाणकार मंडळी सोडा पाच टक्के कमी घालतात, जेणेकरून थोडे तेल मोकळे राहावे. त्याप्रमाणे १४६५ ग्रॅम सोडा घातलेला होता. सोड्याच्या आकड्यात चूक नव्हती. चूक होती ती खोबरेलाच्या रकान्यात: चार किलोऐवजी तीन. डबा संपला होता आणि दुसरा फोडायचे गडबडीत राहून गेले होते.

प्रशिक्षणासाठी आलेल्या बाईंनी तेथेच कागदावर हिशेब मांडला. प्रत्यक्षात पडलेल्या तेलाला जास्तीत जास्त १३५९ ग्रॅम सोडा पुरला असता. म्हणजे शंभर ग्रॅमहून अधिक सोडा मोकळा राहिला होता. साबण भुसभुशीत का झाला, पाणी का सुटले आणि हाताला चुरचुर का होते, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर त्या एका वजाबाकीत होते. उपायही त्यातच होता. रबरी हातमोजे घालून सर्व ढेकळे, सुटलेल्या पाण्यासह, मोठ्या स्टीलच्या पातेल्यात घेतली गेली. त्यात राहून गेलेले एक किलो खोबरेल आणि थोडे पाणी घालून ते पातेले उकळत्या पाण्याच्या घंगाळात ठेवले. दीड-दोन तास अधूनमधून हलवत राहिल्यावर मिश्रण एकजीव होऊन घट्ट शिऱ्यासारखे झाले. ते साच्यांत थापले, दुसऱ्या दिवशी कापले आणि महिनाभर फळीवर वाळवले. सुमारे सव्वाशे वड्या मिळाल्या. दिसायला त्या नेहमीच्या वड्यांइतक्या गुळगुळीत नव्हत्या. आठवडी बाजारात मात्र खपल्या.

परिव्यय लेखांकनात आम्ही सर्वसाधारण हानी आणि असाधारण हानी असा भेद शिकलो. कापणीच्या कडा आणि चुरा ही सर्वसाधारण हानी. ती प्रत्येक घाण्यात होणारच, म्हणून तिचा भार चांगल्या वड्यांच्या किमतीवर टाकावयाचा. बिघडलेला घाणा ही असाधारण हानी. ती थेट नफा-तोटा पत्रकात जाते. पाठ्यपुस्तकात हे दोन रकाने एकमेकांपासून फार दूर असतात. त्या ओसरीवर दोन्हींचा उपाय एकाच पातेल्यात शिजत होता. मात्र ज्या घाण्याची वजने लिहिलेली नसतात, त्याची पुनर्घडण हा निव्वळ अंदाजाचा खेळ होतो. सोडा किती जास्त आहे हेच ठाऊक नसेल, तर तेल किती घालणार? असा साबण अंगाला लावण्यास कोणी दिला तर तो घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

चांगल्या साबणाच्या कडा व तुकडे यांची वडी करणे त्या मानाने पुष्कळ सोपे आहे आणि घरीही करता येते. तुकडे किसणीवर बारीक किसावेत. कीस जितका बारीक, तितका तो सहज विरघळतो. साबण ताजा, दोन-चार आठवड्यांतला असेल तर त्यात स्वतःचेच पाणी पुष्कळ असते; किलोभर किसाला पाव लिटर पाणी किंवा दूधही पुरते. जुना, खडखडीत वाळलेला असेल तर अधिक पाणी लागते आणि कीस रात्रभर भिजत ठेवणे चांगले. बहुतेकांची येथेच फसगत होते. कीस लवकर विरघळावा म्हणून पाणी ओतत जातात. मग वडी आठवडाभरातच आकसते, वाकडी होते. त्यापेक्षा झाकण ठेवून मंद आचेवर धीर धरावा. सारखे ढवळू नये, फेस होऊन वडीत पोकळ्या राहतात. मिश्रण गुळगुळीत ओघळेल अशी अपेक्षाच ठेवू नये. ते रवाळच राहते. नारळाच्या वड्या थापतो तसे साच्यात दाबून भरावे आणि साचा ओट्यावर चार-सहा वेळा आपटावा, म्हणजे आतील हवा निघून जाते. सुगंधी तेल घालावयाचे असल्यास मिश्रण थोडे निवल्यावर घालावे, अन्यथा सुगंध वाफेबरोबर उडून जातो.

भांडे स्टीलचे किंवा चिनी मुलाम्याचे असावे. ॲल्युमिनियमचे कदापि नको. कॉस्टिक सोड्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो आणि भांडे खाल्ले जाते. मुळात साबण करताना सोडा नेहमी पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर ओतू नये, कारण त्या वेळी निर्माण होणाऱ्या उष्णतेने ते उसळून अंगावर येते. अंगावर उडाल्यास वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डोळ्यात गेल्यास धूत धूत तत्काळ डॉक्टर गाठावा. तयार वडीची परीक्षा रासायनिक वस्तूंच्या दुकानात मिळणाऱ्या पीएच कागदाने होते. चांगला साबण ९ ते १० च्या आसपास दाखवतो. ११ वा अधिक दिसल्यास ती वडी अंगाला लावू नये.

कारखान्यात तयार झालेल्या साबणाचे तुकडे असे सहज एकजीव होत नाहीत. गंमत अशी की तो साबण स्वतःच एका अर्थी पुनर्घडणीचा असतो. मोठ्या कारखान्यात आधी साबणाचे वाळलेले दाणे करतात, मग त्यांत रंग व सुगंध मिसळून ते पोलादी रुळांमधून दाबून काढतात आणि शेवटी वडीवर ठसा उमटवतात. ठशाच्या कडेने निघालेले तुकडे पुन्हा यंत्रात परत जातात. म्हणजे महागड्या वडीतही कालच्या वडीच्या कडा असतात! फरक एवढाच की तेथे काम उष्णतेपेक्षा दाबाचे असते आणि तो दाब आपल्या स्वयंपाकघरात मिळत नाही. विकतच्या काही वड्या तर काटेकोर अर्थाने साबण नसून त्यांत कृत्रिम प्रक्षालके असतात. त्यांचे तुकडे घरच्या साबणात मिसळू नयेत.

उरलेल्या साबणाचा विचार जगातही मोठ्या प्रमाणावर झाला आहे. हॉटेलच्या खोलीत पाहुणा वडी एक-दोनदा वापरतो आणि ती कचऱ्यात जाते. युगांडात जन्मलेले डेरेक कायोंगो यांनी अमेरिकेतील अटलांटा येथे २००९ साली अशा वड्या गोळा करून, त्या निर्जंतुक करून नव्याने घडवण्याचा प्रकल्प सुरू केला. त्याच वर्षी ऑरलँडो येथे ‘क्लीन द वर्ल्ड’ ही संस्थाही याच कामासाठी उभी राहिली. आपल्या मुंबईत ‘सुंदरा’ या संस्थेने हॉटेलांतील साबण जमा करून वस्तीतील महिलांकडून त्याच्या नव्या वड्या तयार करवून घेतल्या व त्या गरजू मुलांपर्यंत पोहोचवल्या. परक्याने वापरलेला साबण म्हणजे वरचा थर खरवडणे आणि निर्जंतुकीकरण आलेच. ते काम घरच्या पातेल्याचे नव्हे.

रायपूरच्या हवेचा मुद्दा येथील साबणकारांना बारकाईने पाहावा लागतो. पुनर्घडणीच्या वडीत पाणी अधिक असल्याने ती वाळण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा वडी बाहेरून तडकते आणि आत ओलीच राहते. पावसाळ्यात साबणातील ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते आणि वडीवर घाम आल्यासारखे थेंब जमतात. येथे सर्वांत सोयीचा काळ दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. तुकडे मात्र वर्षभर जमवता येतात. ते कागदी पिशवीत, कोरड्या जागी ठेवावेत. त्यांवर नारिंगी ठिपके दिसून खवट वास येऊ लागला तर मोकळे तेल बिघडले असे समजावे. पुनर्घडणीने तो वास जात नाही. असा साबण लादी पुसण्यास वापरून संपवावा.

घरापुरता साबण करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. विक्रीसाठी स्नानाचा साबण करावयाचा तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो. गटांनी कर्जाचा अर्ज करतानाच त्याची तजवीज करावी. भांडवलाची गरज लहान असेल तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. उद्योग मोठा करावयाचा तर खादी आयोगामार्फत २००८ पासून राबवला जाणारा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. साठ्याच्या विवरणपत्रात तुकडे आणि चुरा यांचे वजन वेगळ्या ओळीत दाखवावे व त्याची किंमत चांगल्या वडीच्या भावाने धरू नये. पुनर्घडणीनंतर जी रक्कम खात्रीने हाती येईल, तिच्यातून इंधन व मजुरी वजा करून धरावी. वर सांगितलेला गट आता तसे करतो. त्यांच्या वहीत त्यासाठी ‘चूरा’ असा स्वतंत्र रकाना आहे आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो शून्यावर आणला जातो.