दोन कप्प्यांतला इजिप्त

इजिप्तवरची पुस्तकं कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात दोन वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. फॅरो, पिरॅमिड, ममी आणि चित्रलिपी एका दालनात. कैरो, नासेर, कापूस, धरण आणि आजची दाटीवाटीची वस्ती दुसऱ्या दालनात. नदी तीच, गावंही बरीचशी तीच. पण या दोन दालनांतली पुस्तकं एकमेकांना ओळख देत नाहीत. ही फाळणी कशी झाली आणि ती मिटवायला कोण पुढे आलं, हे पाहू लागलं की जवळजवळ दोनशे वर्षांचा ग्रंथव्यवहार नजरेखालून जातो. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटतात ती पुस्तकं, ज्यांनी उत्खननाच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाची आणि खड्ड्याशेजारी चूल मांडून राहणाऱ्या माणसाचीही दखल घेतली.

नेपोलियनने १७९८मध्ये सैन्याबरोबर दीडशेहून अधिक विद्वान इजिप्तला नेले. त्यांच्या कामातून १८०९पासून ‘देस्क्रिप्स्यों द लेजिप्त’ या महाग्रंथाचे खंड निघू लागले. पुरावशेष, आधुनिक स्थिती आणि निसर्गेतिहास असे त्याचे तीन विभाग. कप्पे तिथेच पडले होते, पण निदान ते एका नावाखाली होते. खरी ताटातूट झाली ती १८३६ आणि १८३७ या दोन वर्षांत.

१८३६मध्ये एडवर्ड लेन यांचं आधुनिक इजिप्शियनांच्या चालीरीतींवरचं पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी जॉन गार्डनर विल्किन्सन यांचं प्राचीन इजिप्शियनांच्या चालीरीतींवरचं पुस्तक आलं. नावं जवळजवळ सारखी, दोन्ही लेखक एकमेकांच्या परिचयाचे, दोघंही इजिप्तमध्ये दीर्घकाळ राहिलेले. दोन्ही पुस्तकं उदंड खपली आणि त्यानंतर इजिप्तवर लिहिणाऱ्याने कुठल्या रांगेत उभं राहायचं हे जणू ठरूनच गेलं.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी की लेन यांना हे असं करायचंच नव्हतं. १८२५ ते १८२८ या पहिल्या मुक्कामात त्यांनी देवळं, थडगी, शहरं, शेती, बाजार, माणसं हे सगळं एकत्र सांगणारं ‘डिस्क्रिप्शन ऑफ ईजिप्त’ नावाचं सचित्र हस्तलिखित सिद्ध केलं होतं. ते छापायला प्रकाशक मिळाला नाही. मग त्यातला समकालीन लोकजीवनाचा भाग वेगळा काढून, पुन्हा कैरोला जाऊन, त्यांनी तो वाढवला आणि तेच पुस्तक जगाला माहीत झालं. मूळ हस्तलिखित कैरोतल्या अमेरिकन विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने छापलं ते थेट २०००मध्ये. ते वेळेवर छापलं गेलं असतं तर पुढचं चित्र कदाचित वेगळं दिसलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

विल्किन्सन यांचंही असंच. राजांच्या दरीतल्या थडग्यांवर १८२७मध्ये रंगाने आकडे घालणारे ते हेच. आजही थडगी त्याच क्रमाने मोजली जातात आणि तुतनखामनचं थडगं त्यात बासष्टावं आहे. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावरच्या कुर्ना गावात ते राहत. घर होतं टेकडीतल्या एका प्राचीन थडग्याला धरून उभारलेलं, आजूबाजूला गावकऱ्यांची अगदी तशीच घरं. प्राचीन इजिप्शियनांच्या मेजवान्या, वाद्यं, शिकारी यांची त्यांनी टिपलेली चित्रं पुष्कळशी याच थडग्यांच्या भिंतींवरची. त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाचा विषय मात्र त्या भिंतींवरची माणसं. भिंतीपलीकडे नांदणारी नव्हेत.

अमेलिया एडवर्ड्स यांचं ‘अ थाउजंड माइल्स अप द नाईल’ (१८७७) मला नेमक्या उलट कारणासाठी आवडतं. १८७३-७४च्या हिवाळ्यात नाईलवर होडीने केलेला प्रवास आहे हा. अबू सिंबलला रामसेसच्या एका अजस्र चेहऱ्यावर आधीच्या लोकांनी साचा घेताना राहिलेल्या चुन्याचे पांढरे डाग होते. एडवर्ड्स यांनी होडीच्या खलाशांकडून ते खरवडून घेतले आणि उघड्या पडलेल्या दगडाला कॉफीचे हात देऊन रंग जुळवला. त्या पानांवर खलाशी आहेत, मचाण आहे, किटल्या आहेत आणि रामसेसही आहे. पुढे १८८२मध्ये त्यांनी इजिप्तमधल्या उत्खननासाठी निधी उभारणारी संस्था सुरू करण्यात पुढाकार घेतला, आणि मृत्युपत्राने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्यासनासाठी पैसे ठेवले. त्यावर पहिले आले उत्खनक फ्लिंडर्स पेट्री.

हे सगळं चाललं असताना इजिप्तचे स्वतःचे लेखक काय करत होते? पॅरिसला पाच वर्षं राहून आलेले रिफाआ अल्-तहतावी यांनी १८६८मध्ये अरबीत देशाचा इतिहास लिहिला आणि तो सुरू केला फॅरोंपासून. प्राचीन काळ हा आपल्याच इतिहासाचा आरंभ, असं ठणकावून सांगणारं हे पुस्तक. इंग्रजी आणि फ्रेंच पुस्तकांनी तोडलेला धागा अरबीत जोडला जात होता. पण इजिप्तच्या अभ्यासाच्या इतिहासात तहतावींचं नाव बाहेरच्या विद्वानांनी फार उशिरा घेतलं.

याहून जिव्हारी लागते ती अहमद कमाल यांची कहाणी. जन्म १८५१चा. १८६९मध्ये कैरोत जर्मन विद्वान हाइनरिख ब्रुग्श यांनी प्राचीन भाषा शिकवणारी शाळा काढली, तिचे हे विद्यार्थी. पुरावस्तू खातं तेव्हा फ्रेंचांच्या हाती होतं आणि खात्याचे प्रमुख ओग्युस्त मारिएत यांना स्थानिक जाणकार तयार होणं नको होतं. शाळा काही वर्षांत बंद पडली, आणि चित्रलिपी वाचू शकणाऱ्या कमाल यांना खात्यात शिरकाव मिळाला तो दुय्यम कामातून. १८८१मध्ये दैर अल्-बहरीजवळच्या कड्यातल्या भुयारात रामसेससह कित्येक राजांच्या ममी एकत्र सापडल्या, तेव्हा तिथे पोचलेल्या अधिकाऱ्यांत एमिल ब्रुग्श यांच्याबरोबर अहमद कमाल होते. पुढे त्यांनी कैरो संग्रहालयाच्या सूचींचे खंड केले, अरबीत पुस्तकं लिहिली आणि प्राचीन इजिप्शियन भाषेचा अरबीशी नातं लावणारा बावीस खंडांचा कोश हाताने लिहून काढला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही.

तुतनखामनच्या शोधाचा गाजावाजा सुरू असताना कमाल यांनी खात्याचे तेव्हाचे प्रमुख पिएर लाको यांच्याकडे इजिप्शियन तरुणांना या विद्येचं शिक्षण देण्याचा विषय काढला. तुमच्याखेरीज इथे कुणाला याची आवड दिसत नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. त्यावर कमाल यांनी विचारलं, की गेली पासष्ट वर्षं खातं तुमच्याकडे आहे, इतक्या काळात आम्हाला संधी कोणती दिलीत? हा प्रसंग डोनाल्ड माल्कम रीड यांनी ‘हूज फॅरोज?’ (२००२) या ग्रंथात नोंदवला आहे. १९२३च्या ऑगस्टमध्ये कमाल गेले. त्याच वर्षी, थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टर यांच्या तुतनखामनवरच्या तीन खंडांपैकी पहिला प्रसिद्ध झाला.

कार्टर यांचे खंड आजही वाचावेत. पहिली पायरी उघडी पडल्याचा ४ नोव्हेंबर १९२२, भोकातून मेणबत्ती आत धरल्याचा २६ नोव्हेंबर, मग वस्तू एकेक करून बाहेर काढण्याची वर्षानुवर्षांची मेहनत. लेखन नेटकं आहे, कष्ट खरे आहेत. त्यांनी आपल्या चार मुकादमांचे नावानिशी आभारही मानले आहेत. पण हजारो वस्तू उचलणारे, बांधणारे, तळपत्या उन्हात नदीपर्यंत नेणारे मजूर हॅरी बर्टन यांच्या छायाचित्रांत दिसतात आणि मजकुरात विरून जातात. क्रिस्टिना रिग्ज यांनी ‘फोटोग्राफिंग तुतनखामुन’ (२०१८) लिहिलं ते याच छायाचित्रांवर, आणि कॅमेऱ्यासमोर कुणाला कसं उभं केलं होतं हे नव्याने पाहायला लावलं.

पेट्रींच्या बाबतीत हे काम स्टीफन क्वर्क यांनी ‘हिडन हँड्स’मध्ये (२०१०) केलं. १८८०पासून १९२४पर्यंतच्या वह्या, मजुरीचे हिशेब, पत्रं यांतून त्यांनी मजुरांची नावं वेचून काढली. त्यांत अली सुएफी ठळकपणे पुढे येतो. पेट्रींच्या छावणीत वर्षानुवर्षं राहिलेला हा माणूस. मातीतली बारीकशी वस्तू हेरण्यात त्याचा हातखंडा होता, आणि हे पेट्रींनाही मान्य होतं. कुफ्त गावचे उत्खनक पेट्रींच्या हाताखाली तयार झाले आणि पुढच्या पिढ्यांत देशभरच्या उत्खननांवर मुकादम म्हणून गेले. पुरातत्त्वाची जी शिस्त आपण एकट्या पेट्रींच्या नावावर मांडतो, तिच्यात या गावाचाही वाटा आहे. क्वर्क यांच्या पुस्तकात याद्यांची पानंच्या पानं आहेत. वाचायला ती सोपी नाहीत, तरीही ती छापली गेली हे फार बरं झालं.

स्वातंत्र्याच्या काळातल्या अरबी लेखनावर खरं तर वेगळा लेख हवा. नगीब महफूझ यांचं पहिलं पुस्तक म्हणजे जेम्स बेकी यांच्या प्राचीन इजिप्तवरच्या पुस्तकाचा अनुवाद (१९३२). मग १९३९, १९४३ आणि १९४४ अशा तीन फॅरोकालीन कादंबऱ्या, आणि त्यानंतर कैरोच्या गल्ल्या. दोन्ही कप्प्यांत सारख्याच हक्काने बसणारा लेखक तो हाच. सलीम हसन यांनी गिझाला उत्खनन केलं आणि प्राचीन इजिप्तचा बहुखंडी इतिहास अरबीत लिहिला. आपल्याकडे मीना प्रभूंच्या ‘इजिप्तायन’ने हा देश मराठी घरांत नेला; सलीम हसन यांचं नाव मात्र आपल्या वाचकाच्या कानावर क्वचितच पडतं.

आता पुन्हा कुर्न्याला जायला हवं, कारण पुरातत्त्व आणि समाज यांची सर्वांत उघड गाठ तिथेच पडली. १९४०च्या दशकात एका थडग्यातलं कोरीव शिल्प खडकातून कापून चोरीला गेलं. थडग्यांवर वसलेलं गावच हलवायचं असं सरकारने ठरवलं, आणि सुमारे सात हजार माणसांसाठी खाली शेतजमिनीत नवं गाव बांधण्याचं काम वास्तुकार हसन फत्ही यांच्याकडे आलं. सिमेंट टाळून त्यांनी मातीच्या विटा घेतल्या आणि आधारचौकटीशिवाय घुमट वळवणारे अस्वानकडचे गवंडी आणले. मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह उभं राहिलं. कुर्नेकर मात्र गेले नाहीत. ज्या टेकडीवर प्रवासी येतात ती सोडली तर खायचं काय, हा त्यांचा सवाल होता. नव्या गावाचा बांध फोडून पाणी आत सोडण्यापर्यंत मजल गेली.

फत्हींनी ही सगळी हकीकत १९६९मध्ये कैरोत छापली. १९७३मध्ये ती ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावाने शिकागोहून आली आणि जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडली. योगायोग असा की १९६९मध्येच शादी अब्देल सलाम यांचा ‘अल्-मुमिया’ हा चित्रपट पुरा झाला. तोही याच टेकडीवरचा, १८८१च्या त्या ममींवरचा, आणि त्यात अहमद कमाल हे एक पात्र आहे. फत्हींचं पुस्तक कोयनेच्या आणि नर्मदेच्या पुनर्वसनाच्या कहाण्या ऐकलेल्या मराठी वाचकाला फार ओळखीचं वाटेल. माझी तक्रार एवढीच, की कुर्नेकरांवर फत्हींचा जीव असला तरी ते त्यांना थडगीफोडे ठरवायला फार वेळ घेत नाहीत. ही बाजू भरून काढली कीस व्हान डर स्पेक यांनी ‘द मॉडर्न नेबर्स ऑफ तुतनखामुन’मध्ये (२०११). गावात राहून त्यांनी दाखवलं की इथली माणसं शेती करतात, उत्खननांवर मजुरी करतात, दगडी मूर्ती कोरून विकतात, आणि त्यांच्या मातीच्या घरांना, धान्याच्या कोठ्यांना स्वतःचा इतिहास आहे. पुस्तक छापून आलं तोवर त्यातली बहुतेक घरं पाडली गेली होती. पाडकाम २००६च्या अखेरीस सुरू झालं होतं.

गंमत म्हणजे त्याच डोंगररांगेच्या कुशीत प्राचीन कष्टकऱ्यांचंही एक गाव सापडलं होतं. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं दैर अल्-मदिना. बर्नार ब्रुयेर यांनी तिथलं काम १९२२मध्येच, म्हणजे तुतनखामनच्या वर्षीच, हाती घेतलं आणि १९५१पर्यंत नेलं. वर्तमानपत्रांनी तिकडे फारसं पाहिलं नाही. पण समाजाचा इतिहास लिहायला सोन्याच्या मुखवट्यापेक्षा इथल्या खापऱ्या आणि चुनखडीच्या कपच्या कितीतरी अधिक उपयोगी पडल्या. ब्रिटिश म्युझियममधल्या एका मोठ्या कपचीवर रामसेस दुसरा याच्या चाळिसाव्या वर्षाची हजेरी आहे. कामगाराचं नाव, पुढे गैरहजेरीच्या तारखा आणि वर तांबड्या शाईत कारण: विंचू चावला, डोळे आले, बिअर गाळायची होती, घरात मयत झालं. रामसेस तिसरा याच्या एकोणतिसाव्या वर्षी धान्य थकलं म्हणून याच गावच्या माणसांनी काम बंद ठेवून देवळामागे ठिय्या दिल्याची नोंद तुरिनच्या पपायरसवर आहे. यारोस्लाव्ह चेर्नी यांनी या गावाचा कारभार ‘अ कम्युनिटी ऑफ वर्कमेन अॅट थीब्ज’मध्ये (१९७३) मांडला. मग बॅरी केम्प यांचं ‘एन्शन्ट ईजिप्त: अॅनाटमी ऑफ अ सिव्हिलायझेशन’ (१९८९) आलं आणि राजघराण्यांच्या जंत्रीऐवजी कोठारं, शिधा, वस्त्या यांतून प्राचीन इजिप्त वाचायची सवय लागली.

या वाटेवरचं अलीकडचं एक मोठं पुस्तक म्हणजे पिएर ताले आणि मार्क लेनर यांचं ‘द रेड सी स्क्रोल्स’ (२०२१). तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ इथे ताले यांच्या चमूला २०१३मध्ये पपायरसचे तुकडे मिळाले. लिखाण असलेले आजवरचे सर्वांत जुने पपायरस ते हेच, खुफू राजाच्या काळातले. त्यांत मेरेर नावाच्या टोळीनायकाची रोजनिशी आहे. माणसं घेऊन तुरा इथल्या खाणीवर जायचं, चुनखडीचे दगड होडीत भरायचे, नाईल आणि कालव्यातून गिझाला आणायचे, उतरवायचे, परत जायचं. दिवसाला दोन स्तंभ, त्यांत सकाळी कुठून निघालो आणि रात्री मुक्काम कुठे. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. देखरेखीवर अंखहाफ, राजाचा सावत्र भाऊ. हजारो वर्षं खुफूच्या ज्या पिरॅमिडभोवती दंतकथा रचल्या गेल्या, तो बांधला जात असताना तिथे राबणाऱ्या टोळीचा हा दप्तराचा कागद आहे. त्याच्याच जोडीला हिशेबाचे तुकडेही निघाले, आणि त्यांत टोळीसाठी धान्य किती यायचं होतं, किती आलं आणि किती बाकी राहिलं याचे रकाने आहेत.